गाडीच्या दारातली मोरी

भर पावसाळ्यात गिरगावच्या एखाद्या गल्लीत रात्रभर उभी असलेली मोटार सकाळी उघडावी, तर कधीकधी दारातून पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. काच तर घट्ट बंद होती, मग पाणी शिरलं कुठून?

काचेलगतच्या रबरी पट्टीतून थोडं पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच. गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरूनच दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. घराला मोरी, तशी ही दाराची मोरी! ती चिखलाने बुजली की पाणी साचतं आणि पत्रा आतून गंजू लागतो. बाहेर रंगाला फुगे दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट पुढे 'पद्मिनी' झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत धावली. तिच्या छपराच्या कडेला पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ उघड दिसे. आजच्या सनरूफच्या गाड्यांत हेच काम कोपऱ्यांतल्या लपलेल्या नळ्या करतात. दिसत नाहीत, म्हणून त्या विसरल्या जातात.

शहराचंही तसंच झालं. ब्रिटिशकालीन गटारं तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस पेलण्याच्या बेताची. ही क्षमता दुप्पट करावी, असं १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने सुचवलं. काम रेंगाळलं आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाण्यात अडकलेल्या मोटारींत काहींचे प्राण गेले. दादर-परळमधला हिंदमाताचा सखल भाग तर वर्षानुवर्षं तुंबत राहिला. अखेर तिथलं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधाव्या लागल्या.

शहराची गटारं आपल्या एकट्याच्या हाती नाहीत, गाडीची आहेत. मृगाआधी दाराखालची भोकं प्लॅस्टिकच्या काडीने मोकळी करा. तार घालू नका, रंग खरवडतो. वायपरखालच्या जाळीतली पिंपळाची पानं काढा, पेलाभर पाणी ओता आणि ते खाली ठिबकतं का पाहा.

एक मात्र ध्यानात ठेवा. पूर आला की याच भोकांतून पाणी आतही येतं. पाणी चढू लागलं तर गाडीचा मोह सोडून वेळीच बाहेर पडा. बुडालेली गाडी परस्पर सुरू करू नका, आधी मेकॅनिकला दाखवा. गाडी दुरुस्त होते; माणूस घरी पोचायला हवा.