अर्जातील एक पर्याय आणि चौतीस वर्षे

१/ संकेतस्थळावरील अर्जात ‘धर्म’ या रकान्याचा बाण दाबला की पर्यायांची यादी खाली उलगडते. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये हा घटक प्रमाणित झाला. यादीचा रंग नि टंक सजवणाऱ्याच्या हाती असतो. तीत कोणते शब्द असावेत, हे मात्र इतिहास ठरवतो.

२/ १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला.

३/ १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे २७.९ लाख लोकांची नोंद ‘बौद्ध’ अशी झाली. ही नोंद स्वस्त नव्हती. कागदावर धम्म लिहिणाऱ्यास केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडावे लागे. महाराष्ट्राने आपल्यापुरता ‘नवबौद्ध’ हा प्रवर्ग मान्य केला. केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली ती १९९० मध्ये.

४/ म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षांनी. त्या काळात एक पिढी शाळेत गेली, नोकरीला लागली आणि प्रत्येक अर्जापाशी क्षणभर थबकली. आज तोच शब्द एका स्पर्शाने निवडता येतो. निवडताना त्या थबकलेल्या हातांचे स्मरण असावे.