मालवाहू गाडीच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग : आवाज ओळखणे, तपासणी आणि बदल

धाटाव, कोलाड आणि रोहा परिसरात भाताची कापणी संपली की कालव्याच्या पाण्यावर कलिंगड, वाल आणि भाजीपाला उभा राहतो. फेब्रुवारीपासून हा माल पिकअप, टेम्पो आणि हलक्या ट्रकमधून वाशी, पेण, अलिबागकडे जातो. शेतात सहा टनांचे कलिंगड तोडून ठेवले आणि गाडी सुकेळी खिंडीत चाक अडकून उभी राहिली, तर भाव जातो आणि मालही उन्हात तापतो. बेअरिंग पूर्ण तुटून चाक निखळले, तर चालकाच्या आणि समोरून येणाऱ्याच्या जिवावर बेतते. बेअरिंग सहसा अचानक जात नाही. बरेच दिवस आधी ते आवाज करते. तो आवाज ओळखता यावा आणि दुरुस्ती नीट करून घेता यावी, यासाठी ही माहिती.

बेअरिंग काय काम करते?

मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या बहुतेक हलक्या ट्रक-टेम्पोंत पुढचे चाक स्टब एक्सलवर फिरते. चाकाच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग असतात : आतल्या बाजूला मोठे, बाहेरच्या बाजूला लहान. प्रत्येकाचे दोन भाग असतात. रोलर आणि पिंजरा बसवलेला आतला भाग म्हणजे कोन, आणि हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची रिंग म्हणजे कप. आतल्या बाजूने ऑइल सील ग्रीस धरून ठेवते. बाहेरून वॉशर, खाचांचा नट, स्प्लिट पिन आणि ग्रीस कॅप असते.

हेन्री टिमकेन या अमेरिकेतील घोडागाडी बनवणाऱ्या कारागिराने १८९८ मध्ये टेपर रोलर बेअरिंगचे पेटंट घेतले. गाडीचे वजन आणि वळणावर बाजूने येणारा रेटा, असे दोन्ही भार हे बेअरिंग पेलते. मात्र त्यासाठी ग्रीस आणि नटाचा ताण दोन्ही बरोबर असावे लागतात.

कोकणात बेअरिंग लवकर का जाते?

- रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाण्यातून गाडी नेल्यावर गरम हब एकदम थंड होतो. आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते.
- खाडीलगतच्या खारभूमीत पाणी आणि चिखल खारट असतो. त्याने रोलरवर गंजाचे डाग पडतात.
- गाडी धुताना प्रेशर पंपाची धार थेट हबवर मारल्यास सील सुटते.
- क्षमतेपेक्षा जास्त माल आणि खड्ड्यांचे धक्के यांनी कपवर रोलरचे ठसे उमटतात.
- नट गरजेपेक्षा जास्त आवळला असेल, तर बेअरिंग तापून ग्रीस जळते.

आवाज बेअरिंगचाच आहे का?

खराब बेअरिंग घरघरते किंवा गुणगुणते. आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून इंजिनच्या फेऱ्या कमी होऊ द्याव्यात. आवाज तसाच राहिला, तर तो चाकांकडचा आहे. उतारावर किंवा घाटात हा प्रयोग करू नये.

- वळणावर : गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. डाव्या वळणावर आवाज वाढला, तर उजवे बेअरिंग आधी तपासावे. उजव्या वळणावर वाढला, तर डावे.
- टायरचा आवाज : डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला, तर टायरचा संशय घ्यावा. टायरवर हात फिरवून चढउतार झिजलेले आहेत का पाहावे. पुढची-मागची चाके अदलाबदल केल्यावर आवाज जागा बदलतो का, हेही पाहावे.
- ब्रेकचा आवाज : ब्रेक हलकेच दाबल्यावर आवाज थांबला किंवा बदलला, तर ब्रेकचे शू, पॅड किंवा दगड-माती अडकलेली तपासावी.
- उष्णता : आठ-दहा किलोमीटर चालवल्यावर दोन्ही हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन फरक पाहावा. लगेच हात टेकवू नये, भाजते. एकच हब जास्त गरम असेल, तर बेअरिंग खराब आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक धरून राहतो आहे.

जॅकवर तपासणी

गाडी रिकामी आणि टणक, सपाट जागी उभी करावी. हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. जॅकने उचलल्यावर एक्सलखाली स्टँड द्यावा. चिरा, वीट किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. चिरा वजनाने फुटतो.

1. चाक हाताने फिरवावे. दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. खरखर किंवा थरथर हाताला जाणवली, तर बेअरिंग खराब आहे.
2. चाक वरून आणि खालून धरून आतबाहेर हलवावे. प्ले जाणवला, तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला, तर तो बेअरिंगचा. तरीही राहिला, तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट तपासावा.
3. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर प्ले आला, तर टाय रॉड एंड पाहावे.

हलका प्ले आहे पण खरखर आणि आवाज नाही, तर नटाचा ताण जुळवून भागते. पण हब उघडून ग्रीस पाहूनच तो जुळवावा. खरखर, घासल्याचा आवाज किंवा भाजण्याइतका गरम हब असेल, तर गाडीत माल भरू नये आणि ती लांब चालवू नये.

बदलण्याचे टप्पे

साहित्य : जॅक, स्टँड, पान्हे, पक्कड, पितळी ड्रिफ्ट, हातोडी, रॉकेल, स्वच्छ फडके, व्हील बेअरिंगचे ग्रीस, नवी बेअरिंग (कपसह), नवे सील आणि नवी स्प्लिट पिन.

1. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करावेत. मग गाडी उचलून स्टँडवर घ्यावी आणि चाक काढावे.
2. डिस्क ब्रेक असेल, तर कॅलिपर काढून तारेने टांगावा. होजवर लोंबकळू देऊ नये. ड्रम असेल, तर ब्रेक शू सैल करावेत. ब्रेकची धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.
3. ग्रीस कॅप, स्प्लिट पिन, नट आणि वॉशर काढावे. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी पाहून घ्यावे.
4. हब थोडा पुढे ओढून बाहेरचे बेअरिंग हातात घ्यावे, मग हब काढावा. हब जड असतो, दोघांनी धरावा.
5. सील काढून आतले बेअरिंग बाहेर घ्यावे. सगळे भाग रॉकेलने धुऊन पुसावेत. बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवू नये. रोलर उडून इजा होते.
6. जुन्या भागांवरून कारण शोधावे. ग्रीस दुधाळ असेल, तर पाणी शिरले आहे. रोलर निळसर पडले असतील, तर ते तापले आहे. कपवर खड्डे किंवा पापुद्रे असतील, तर थकवा किंवा जास्त भार. कारण दूर न करता नवे बेअरिंग बसवले, तर तेही लवकर जाते.
7. स्टब एक्सल पाहावा. नवा कोन त्यावर हाताने सरकावा, पण डुलू नये. एक्सलवर निळी छटा, खोल ओरखडे किंवा खाच असेल, तर तो बदलावा. त्यावर वेल्डिंग करून लेथवर घडवणे धोक्याचे आहे.
8. जुना कप आतून पितळी ड्रिफ्टने आळीपाळीने समोरासमोर ठोकून काढावा. नवा कप सरळ बसवावा. तो तळाला टेकला की ठोक्याचा आवाज घट्ट येतो. जुन्या कपवर नवा कोन कधीही बसवू नये.
9. तळहातावर ग्रीस घेऊन कोनाची रुंद बाजू त्यावर दाबत फिरवावी, म्हणजे ग्रीस रोलरमधून वरच्या बाजूने बाहेर येईल. एनएलजीआय २ दर्जाचे, व्हील बेअरिंगसाठीचे ग्रीस वापरावे. जुने आणि नवे ग्रीस मिसळू नये. हबची पोकळी एक तृतीयांश ते निम्मी भरावी. ठासून भरल्यास हब तापतो.
10. आतले बेअरिंग ठेवून नवे सील सरळ बसवावे. सीलची ओठाची बाजू आत, ग्रीसकडे असावी आणि ओठाला ग्रीस लावावे. डिस्क किंवा ड्रमला लागलेले ग्रीस पुसून काढावे.

नटाचा ताण : सर्वात महत्त्वाचे काम

हब फिरवत फिरवत नट आवळावा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करावा. पुन्हा हब फिरवत हाताने टेकेपर्यंत आणावा. स्प्लिट पिनचे छिद्र जुळत नसेल, तर नट पुढे न आवळता जवळच्या खाचेपर्यंत मागे घ्यावा. अशा बेअरिंगमध्ये साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर प्ले लागतो. तो डायल गेजने मोजता येतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेली पद्धत किंवा आकडा वेगळा असेल, तर तोच पाळावा. स्प्लिट पिन नवीच घालावी आणि तिची टोके वाकवावीत.

चाक बसवून नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळावेत. गाडी चालवण्याआधी ब्रेकचे पेडल दोन-तीन वेळा दाबून घट्ट होते का पाहावे. पाच-दहा किलोमीटर रिकामी चालवून हबची उष्णता तपासावी. सुमारे ५० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळावेत.

सीलबंद हब असलेल्या गाड्या

काही नव्या गाड्यांत सीलबंद बेअरिंग किंवा अख्खे हब युनिट असते. त्यात ग्रीस भरता येत नाही आणि नटाला पुस्तिकेतला ठरलेला टॉर्क लागतो. ठोकून बसवल्यास नवे बेअरिंगही खराब होते, म्हणून हे काम हायड्रॉलिक प्रेस असलेल्या ठिकाणी करून घ्यावे. एबीएस असेल, तर बेअरिंगची चुंबकीय बाजू सेन्सरकडे आहे का, हे पाहावे.

खरेदी करताना

जुन्या बेअरिंगवर कोरलेला क्रमांक कप आणि कोन दोन्हींचा लिहून न्यावा. नुसते गाडीचे नाव सांगू नये. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांत बेअरिंग बदललेले असते. बाजारात नकली मालही मिळतो. अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घ्यावे. क्रमांक पुसट, छपाई खराब किंवा खोका आधी उघडलेला असेल, तर घेऊ नये.

वर्षाचे वेळापत्रक

- मे : पावसाआधी सील आणि प्ले तपासावा.
- ऑक्टोबर : पावसाळ्यानंतर हब उघडून ग्रीस पाहावे. दुधाळ असेल, तर धुऊन नवे भरावे.
- जानेवारी अखेर : कलिंगड आणि वालाची वाहतूक सुरू होण्याआधी जॅकवर तपासणी करावी.
- गाडी हबच्या वर पाण्यातून गेली असेल, तर हंगामाची वाट न पाहता लगेच तपासावे.

ट्रॅक्टरची पुढची चाके आणि ट्रॉलीच्या हबमध्येही बहुधा अशीच बेअरिंग असतात. चिखलणी संपल्यावर ट्रॅक्टरच्या पुढच्या हबला ग्रीस देणे, म्हणूनच टाळू नये.

सहायक कृषी अधिकारी आणि शेतकरी गटांनी हंगामापूर्वी गावातील मालवाहू गाड्यांची एकत्रित तपासणी ठेवावी. प्रत्येक गाडीसाठी तपासणीची तारीख, किलोमीटर, कोणत्या चाकाचे काम झाले आणि बेअरिंगचा क्रमांक वहीत लिहावा. एकच चाक वरचेवर जात असेल, तर दोष बेअरिंगचा नसून स्टब एक्सल, सील किंवा भाराचा आहे, हे त्या नोंदीवरून लगेच लक्षात येते.