सुरी कोणाच्या हातीं?

शिकारीच्या कथांत बंदुकीला जेवढा मान मिळाला, तेवढा सुरीला कधींच मिळाला नाहीं. वस्तुतः बंदुकीचें काम एका क्षणांत आटोपतें. त्यानंतरचे कष्टाचे तास सुरीचे असतात.

वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्याची ठेवण शिकाऱ्यास मोह घालणारी होती. दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, मधून पूर्णेचें काळेंभोर खोरें आणि उत्तरेस जळगांव-जामोदकडील सातपुड्याचीं रानें. इ. स. १८५३ मध्यें वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि गोऱ्या अंमलदारांच्या दौऱ्यांबरोबर बंदुकीची शिकारही रानोमाळ फिरूं लागली.

नवशिका शिकारी बहुधा लांब व अणकुचीदार हत्याराला भुले. परंतु कट्यार भोंसकण्यासाठीं असते, सोलण्यासाठीं नव्हे. जनावराचें पोट उघडतांना टोंक आंत शिरून आतडें फाटलें, कीं मांस नासलेंच. म्हणून जाणत्याची सुरी आंखूड असे. तिचें पातें चार बोटांचें, धारेकडे पोट आल्यासारखें गोलसर, आणि टोंक फारसें तीक्ष्ण नसलेलें. दोन बोटें कातड्याखालीं घालून, धार वर धरून, त्या बोटांच्या आधारानें ती पुढें न्यावयाची. मूठ शिंगाची असो वा लांकडाची, रक्तानें हात ओला झाला तरी ती निसटतां कामा नये.

पोलादाची निवडही तितकीच महत्त्वाची. तें फार कठीण असेल तर धार तुटते आणि रानांतल्या दगडावर पुन्हां लागत नाहीं. फार मऊ असेल तर अर्ध्या कामांत बोथट होतें. तेलंगणांतील कोनसमुद्रमचें पोलाद नेण्यासाठीं एके काळीं इराणी व्यापारी येत. पण शिकाऱ्यास तलवारीच्या कीर्तीचें पोलाद नको होतें, सहज धार लागणारें हवें होतें. न गंजणारें पोलाद शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं १९१३ सालीं सिद्ध केलें. तोंपर्यंत सुरी वापरल्याबरोबर पुसून तेल लावून ठेवणें, हाच तिच्या दीर्घायुष्याचा उपाय होता.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत विलंबास क्षमा नसे. कांहीं तासांत कातडें कुजूं लागे आणि केस गळूं लागत. म्हणून तें लौकर उतरवून, आंतील चरबी खरवडून, मीठ चोळून सांवलींत वाळवावें लागे. वाघाचे ओंठ, कान व पंजे सोलणें तर कसबाचें काम. एक चुकीचा घाव बसला, कीं म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांच्यासारखे पेंढा भरणारे निष्णात कारागीरही त्याची खूण पुरती लपवूं शकत नसत.

हें कसब होतें कोणाचें? साहेब गोळी झाडी, छायाचित्र काढवी. कातडें उतरविण्याचें काम बहुधा हाताखालच्या माणसांवर पडे, आणि त्यांचीं नांवें शिकारीच्या ग्रंथांत क्वचितच आढळतात. याच मुलखांत फांसेपारधी पिढ्यान्‌पिढ्या फांस लावून तितर, लावे, हरिणें धरीत आले होते. पण १८७१ सालीं सुरू झालेल्या आणि पुढें १९११ व १९२४ मध्यें विस्तारलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें पारध्यांवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला. साहेबाची शिकार मर्दानी खेळ ठरली. पारध्याची पोटापुरती शिकार त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरली. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, तरी शिक्का पुसण्यास कायद्याहून अधिक काळ लागतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें युग संपविलें. जंगलाच्या रक्षणासाठीं हें अवश्यच होतें. परंतु ज्यांची उपजीविकाच रानावर होती, त्यांच्या हातीं दुसरें साधन त्याबरोबर आलें नाहीं.

डिसेंबर २०१९ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेंकडों कोस भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत आला. त्याच्या गळ्यांत रेडिओचा पट्टा होता आणि त्याच्या प्रत्येक पावलाची नोंद होत होती. आज वाघ मेला तर सुरी पशुवैद्याच्या हातीं असते, तीही मृत्यूचें कारण शोधण्यासाठीं. आणि कातडें बाजारांत जाऊं नये म्हणून देहासह जाळतात. वाघाच्या मृत्यूची एवढी कसून चौकशी होते, ही चांगलीच गोष्ट होय. रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या पारध्याच्या जगण्याचीही तशीच चौकशी झाली, तर त्या जुन्या शिकारीचा हिशेब पुरा होईल.