विजेची विद्या आणि घरची शाळा



स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहायचे ठरल्यावर मी राजेराण्यांना सोडून विजेकडे का वळले, याचे पुष्कळ जणींना नवल वाटेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती अशी की ही विद्या वाढवणाऱ्या कित्येकांना शाळा फारशी लाभलीच नव्हती. ते घरी शिकले, आणि हाताने करून शिकले.

आपल्या भागाला विजेचे कौतुक जुने आहे. १९३० च्या सुमारास मुंबईकडून विजेची गाडी थळघाट चढून इगतपुरीपर्यंत येऊ लागली. तेथून पुढे घोटीवरून नाशिककडे मात्र नंतर कित्येक वर्षे वाफेचेच इंजिन जाई. वीज शेजारच्या गावी आली तरी ती आपल्याला कळली असे होत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे.

१८०० साली इटलीतील व्होल्टा यांनी दोन धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे यांची उतरंड रचून पहिली बॅटरी केली. लंडनचा मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा. बांधायला आलेली पुस्तके तो वाची. त्यांत जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक होते, आणि त्या बाईंचे ऋण तो पुढे सदैव मानीत असे. १८१२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने तांब्याची सात नाणी व जस्ताच्या सात चकत्या घेऊन व्होल्टाची उतरंड स्वतः रचली. त्याच फॅरडेने १८३१ मध्ये लोहचुंबकापासून वीज निर्माण करून दाखवली.

अमेरिकेतील एडिसनची कथा तर आपण आयांनी अवश्य ध्यानी ठेवावी अशी आहे. शाळेतल्या मास्तरांनी त्याला मंद ठरवले, तेव्हा आई नॅन्सी हिने मुलाला घरी आणले व स्वतः शिकवले. ती पूर्वी शिक्षिका होती. मुलाने घराच्या तळघरात बाटल्या मांडल्या, प्रयोग केले. मोठेपणी त्याच एडिसनला १८८० च्या दशकात दिसले की दिव्याच्या तापलेल्या तारेपासून जवळच्या पत्र्यापर्यंत वीज मोकळ्या जागेतून जाते, आणि तीही एकाच दिशेने. या गुणाचा उपयोग करून फ्लेमिंग यांनी १९०४ साली रेडिओचा व्हॉल्व्ह केला. इलेक्ट्रॉनिक्सचा पाया तेथे पडला, असे म्हणतात.

परदेशच्या गोष्टी पुरे झाल्या. आपल्या पुणे जिल्ह्यात पाबळ हे अवर्षणाचे गाव आहे. अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईची मोठी नोकरी सोडून तेथे १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. डॉ. चित्रा नाईक आणि जे. पी. नाईक यांनी उभारलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे एक केंद्र. शाळेत ज्यांचे जमले नाही अशी मुले येथे एक वर्ष राहून वीज, शेती, बांधकाम, आरोग्य ही कामे करता करता शिकतात. २००२ साली अमेरिकेतील एम्. आय्. टी. या प्रख्यात संस्थेच्या साहाय्याने येथे फॅब लॅब निघाली, आणि ज्यांना नापास म्हणून लोक हिणवीत ती मुले इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणे हाताळू लागली. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले, पण करून शिकण्याचा त्यांचा आग्रह मागे राहिला.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा आमच्या पडवीत शेजारची पाचसहा मुले बसू लागली. चार लिंबे घेतली. प्रत्येकात एका बाजूला तांब्याची जाड तार व दुसऱ्या बाजूला जस्ताचा मुलामा असलेला खिळा खोचला. एका लिंबाचा खिळा दुसऱ्याच्या तारेला जोडीत साखळी केली, आणि दोन टोकांना तांबडा एलईडी दिवा लावला. लांब पाय तांब्याकडे. अंधारात धरल्यावर तो मिणमिणला! वीज लिंबू देत नाही, जस्त झिजून ती मिळते, हे मुलांना खिळा पाहून पटले. मग एका मुलीने दिवा उलटा लावला. तो पेटेना. सुलटा लावताच पेटला. वीज यातून एकाच दिशेने जाते, हे एडिसनला दिसलेले सत्य तिने न सांगता ओळखले.

तेव्हा दारातून जाणाऱ्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला वायरींशी काय करायचंय गं?" त्या मुलीची शाळा नंतर सुटली ती सुटलीच. धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि आवणीला हात हवे होते. पण पडवी सुटली नाही. आता ती सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणार आहे, आणि आळीतल्या बिघडलेल्या टॉर्च तिच्याकडेच येतात.

भगिनींनो, या कामाला खर्च फार नाही. सेल, तार, चार दिवे आणि लिंबे एवढेच साहित्य. एक नियम मात्र कडक पाळावा. प्रयोग नेहमी सेलवर किंवा लिंबावर करावेत, भिंतीतल्या प्लगशी मुलांचा संबंध येऊ देऊ नये. मंडळाच्या खोलीत आठवड्यातली एक दुपार ज्यांची शाळा सुटली त्या मुलामुलींसाठी, विशेषतः मुलींसाठी, आपण राखून ठेवावी, अशी माझी नम्र सूचना आहे. नॅन्सी एडिसनने एका मुलासाठी जे केले, ते आपण सगळ्या मिळून आपल्या गावच्या मुलांसाठी करू या.