स्कान्सेन येथील एक घर

परदेशांतील वस्तुसंग्रहालय पाहावयास गेलें, म्हणजे राजांचे मुकुट आणि सेनापतींच्या तरवारी पाहून डोळे दिपतात. मन मात्र बहुधा कोरडेंच राहतें. स्टॉकहोम येथें आम्हांला निराळा अनुभव आला. त्या शहरांतील यूरगोर्डेन बेटावर स्कान्सेन नांवाचें एक संग्रहालय उघड्या आकाशाखालीं वसलेलें आहे. स्वीडनच्या निरनिराळ्या प्रांतांतून सुमारें दीडशें जुन्या वास्तु सोडवून आणून तेथें पुन्हां उभारल्या आहेत. त्यांतील आद्य घर दालार्ना प्रांतांतील मोरा येथील एका शेतकऱ्याचें. ओंडक्यावर ओंडका रचून केलेल्या त्या घरांत आम्ही वांकून शिरलों, आणि चुलीपाशीं बराच वेळ उभे राहिलों.

या संग्रहालयाचे जनक आर्तुर हाझेलियस (१८३३-१९०१) हे मूळचे भाषेचे अध्यापक. सन १८७२ मध्यें दालार्नांत प्रवास करीत असतां गांवोगांवचे पेहराव व जुन्या चालीरीति झपाट्यानें लोपत असलेल्या त्यांना दिसल्या. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं स्टॉकहोममध्यें आपला संग्रह लोकांस खुला केला. पुढें १८८५ मध्यें मोरा येथील हें घर विकत घेतलें, आणि १८९१ मध्यें स्कान्सेन उघडलें. ‘स्वतःला ओळखा’ हें त्यांचें ब्रीद. जवळच असलेलें नॉर्डिक संग्रहालयाचें भव्य मंदिर १९०७ मध्यें खुलें झालें. तें पाहण्यास हाझेलियस उरले नव्हते. स्कान्सेनच्याच भूमींत त्यांना चिरविश्रांति मिळाली आहे.

कोणी म्हणेल, शेतापासून तोडलेलें घर हें घराचें प्रेतच नव्हे काय? आक्षेप खोटा नाहीं. ज्या चुलीवर आतां कोणाचें पोट अवलंबून नाहीं, ती खरी चूल नव्हे. परंतु तें घर आणलें नसतें, तर तें आपल्या जागीं सुखानें नांदलें असतें असें थोडेंच आहे? निवड जिवंत घर आणि मृत घर यांमध्यें नव्हती. आठवण आणि विस्मृति यांमध्यें होती.

हा विचार मनांत आला आणि आम्ही ओशाळलों. वडिलोपार्जित वाडा विकला, तेव्हां पणजोबांचें दप्तर आम्हीं पेटींत जपून ठेविलें. आजीचें जातें, उखळ आणि ताकाची रवी मात्र अडगळ म्हणून देऊन टाकली. इतिहास म्हणजे कागद, हीच आमची समजूत! राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें मिळविलीं, म्हणून मराठ्यांच्या राजकारणाचीं साधनें हातीं राहिलीं, हें ऋण मोठेंच. पण आमच्या आजीला अक्षर ठाऊक नव्हतें. तिची सही कोणत्याच कागदावर नाहीं. तिच्या साठ वर्षांच्या पहांटा जात्याच्या गुळगुळीत खुंट्यावर नोंदल्या होत्या, आणि ती नोंद आम्हीं स्वहस्तें घराबाहेर घालविली.

पुण्याच्या दिनकर केळकरांनीं दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तु आयुष्यभर जमवून १९७५ मध्यें महाराष्ट्र शासनास अर्पण केल्या. प्रत्येकाला एवढें साधणार नाहीं. परंतु माळा रिकामा करण्यापूर्वीं, ही वस्तु कोणाच्या हातची, एवढें तरी घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें. आम्हीं तें विचारलें नाहीं. आणि आतां सांगणारें कोणी उरलें नाहीं.