पंचांपुढची काडी

घटस्फोट हे शहरातल्या शिकल्यासवरल्यांचे खूळ, अशी समजूत मराठी मध्यमवर्गात अजून पक्की आहे. दोनशे वर्षांपूर्वीचे चित्र जवळजवळ उलटे होते. इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीला आर्थर स्टील याने सरकारच्या हुकुमाने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती नोंदवल्या. ते पुस्तक १८२७ साली छापले गेले. त्यानुसार ब्राह्मणांत लग्न मोडायची वाटच नव्हती. शेतकरी आणि कारागीर जातींत मात्र ती सर्रास होती.

पंच बसत, दोन्हीकडचे ऐकून घेत. संबंध तुटल्याची खूण म्हणून काडी मोडली जाई, नवरा सोडचिठ्ठी लिहून देई आणि बाई पाट, म्हणजे दुसरे लग्न, लावायला मोकळी होई. पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च बहुधा दुसऱ्याने भरायचा. पंचांचे देणे वेगळे. पेशवाईत सरकारदेखील पाटावर ‘पाटदाम’ वसूल करी! सगळे गोडीगुलाबीने होई असे मुळीच नाही. पाट रात्री, गाजावाजा न करता लागे आणि त्याला पहिल्या लग्नाचा मान नसे. पण शेतात राबणाऱ्या बाईच्या हातांना मोल होते, म्हणून तिला दुसरे घर मिळे. पैसा आणि वतन आले की घराणी आधी पाट बंद करत. शहाण्णव कुळी म्हणवणाऱ्यांत तो वर्ज्यच होता.

पंचांच्या अधिकाराला मोठा धक्का कोर्टाने दिला. लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही, असे मुंबई हायकोर्टाने १८७६ साली सांगितले.

याच मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. त्या सुतार समाजातल्या. त्यांच्या विधवा आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. आईला जातीने जे स्वातंत्र्य दिले, ते मुलीला कायद्याने दिले नाही. बालपणी लागलेल्या लग्नाचा नवरा दादाजी भिकाजी, रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून, १८८४ साली कोर्टात गेला. न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला, पण १८८७ साली न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा निकाल दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या.

कायद्याने घटस्फोट देण्यात संस्थाने ब्रिटिश मुलखाच्या पुढे होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली, बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ साली कायदा केला. मुंबई प्रांताला १९४७ उजाडावे लागले. गोव्यात पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा १९१० चा कायदा होताच. १९४६ पासून चर्चमध्ये लागलेली लग्ने मात्र त्यातून वगळली गेली.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सर्व जातींना एकच दार उघडले, आणि कलम २९(२) मध्ये रूढीने मिळणारी फारकतही राखून ठेवली. पण रूढी कोर्टात पुराव्याने शाबीत करावी लागते. त्यासाठी वकील हवा, तारखांना हजर राहायला मजुरी बुडवावी लागते.

म्हणून कित्येक लग्ने कायद्याने न मोडताच तुटतात, आणि २०११ च्या जनगणनेतला विभक्तांचा आकडा घटस्फोटितांच्या आकड्यापेक्षा अधिक बोलका ठरतो. देशात घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख, तर विभक्त राहणारे त्यांच्या अडीचपटीहून जास्त. दोन्हींत बायका पुरुषांपेक्षा अधिक. अशाच ‘टाकलेल्या’ बायकांची परिषद १९८८ साली निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी संगमनेरला भरवली. या चळवळीच्या मागण्यांत पोटगी आणि घरातल्या हक्काबरोबरच एक साधी मागणी होती: स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड.