औंधच्या मुलखातले पाहुणे

औंध म्हटलं की आपल्याला आठवते यमाई, मूळपीठाचा डोंगर आणि भवानराव पंतप्रतिनिधींचं १९३८ सालचं संग्रहालय. पक्षी काही आठवत नाहीत. आठवतील कसे? हा खटाव-माणचा दुष्काळी टापू! समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे. पण गंमत बघा, पाणपक्षी इथे आले ते या दुष्काळामुळेच.

पाऊस कमी, म्हणून पाणी अडवायला हवं. इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, खटाव तालुक्यात नेर आणि मायणीचे तलाव झाले. पुढे येरळेवर येरळवाडीचं धरण आलं. बांधणाऱ्यांच्या डोक्यात फक्त शेती होती. पण काठच्या उथळ पाण्यावर हिवाळी पाहुणे उतरू लागले. हिमालय ओलांडून पट्टकादंब, त्यांच्यासोबत चक्रवाक आणि लांब पायांचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. रोहित मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाण्यातले बारीक जीव गाळून खातो. त्याला लागतं उथळ पाणी.

आणि इथेच खरी मेख आहे. तलाव गाळाने भरतो तेव्हा पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात तळ उघडा पडतो. तो गाळ काढावा ही शेतकऱ्याची रास्त मागणी. पण सगळीकडे सारखंच खोल खणलं तर रोहिताने उभं कुठे राहायचं? दोघांचीही बाजू खरी! मला वाटतं, मधे खोल आणि काठाला उथळ ठेवता आलं तर दोघांचं भागेल. पण हे ठरवायचं कुणी?

यावर औंधकडे एक जुना दाखला आहे. १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, या छोट्या संस्थानाने प्रजेला राज्यघटना दिली आणि कारभाराचा पाया ग्रामपंचायतीवर ठेवला. राजाने आपणहून अधिकार सोडले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, प्रयोगही संपला.

२०२१ मध्ये मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी इथल्या तलावांना 'संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून दर्जा मिळाला. अशा क्षेत्राच्या समितीत वनखात्याबरोबर ग्रामपंचायतीचा प्रतिनिधीही असावा, असं कायदाच सांगतो. म्हणजे गाळाचा प्रश्न पुन्हा गावापाशीच आला की!

पाहुणे दर हिवाळ्यात पाणी बघून ठरवतात, उतरायचं की पुढे जायचं. त्यांच्यासाठी वीतभर पाणी राखायचं की नाही, हे मात्र गावाने ठरवायचं. तुम्हाला काय वाटतं, मंडळी?